शेवटच्या पँटीचे खिसे

आई गेल्यावर घराच्या पुढच्या खोलीतलं तिचं शिवणकामाचं दुकान आवरायला मी आले, तेव्हा माझा कोट पिशवीतच होता. बाह्या आखूड करायला मी तो केव्हाचा देऊन ठेवला होता. पिशवीची गाठही सुटली नव्हती. बाबांची नवी पँट मात्र तयार होती. इस्त्री करून, हँगरला.

आणि तिला खिसे होते.

बाबांचं पिणं सुटेना, तेव्हा आईने त्यांच्या पँटींना खिसे शिवणंच बंद केलं होतं. बाटली ठेवायला जागाच नको. तेव्हापासून बाबा घराची किल्ली मुठीत धरून आणि रुमाल पट्ट्यात खोचून हिंडत. गल्लीत त्यांचं नावच 'बिनखिशे' पडलं. बाटल्या त्यांनी आणखी कुठे कुठे लपवल्या तो वेगळा विषय; आईने आपला नियम सोडला नाही.

सुट्टीच्या दुपारी आई आणि मावशी टीव्हीवर सिनेमे बघत. शेवटी दारुडा नवरा रडत बायकोच्या पायांशी कोसळायचा, ती त्याला उठवायची, व्हायोलिनं सुरू व्हायची. मावशी नाक ओढायला लागायची.

"एवढ्यात माझं एक काज होत नाही," आई म्हणायची. "हिची माफी झालीसुद्धा!"

"तू ना, दगड आहेस ताई."

आई दगड आहे याचं मला बरंच वाटायचं. माझी एक टीप वाकडी गेली तरी ती अख्खी शिवण उसवायला लावायची. या घरात माफी कुणालाच मिळत नाही, असं मी धरून चालले होते.

मी खिशात हात घातला. अस्तर मऊ लागलं. बाहेर ओढलं, तर निळे ठिपके. आईचा जुना सुती गाऊन. सकाळपासून कपाटात मी तोच शोधत होते. या घरातून मला तेवढी एकच गोष्ट न्यायची होती. माणसाचं आयुष्यच वाकडं गेलं तर ते कुणी उसवायला लावत नाही. उलट खिसे मिळतात.

"बाबा!"

ते आतल्या खोलीतून आले.

"दारू बंद केलीत का तुम्ही?"

"केली होती. मध्ये एकदा झाली."

"खिसे शिवायच्या आधी की नंतर?"

"आधी. आदल्याच दिवशी." ते भिंतीकडे बघत होते. "तिला वास आला. बोलली काही नाही. माप घ्यायला उभं केलं."

मी ब्लेड उचललं. शिवण मशीनची होती आणि तिच्यावरून हाताने पुन्हा टाके घातलेले. असं दुहेरी काम आई क्वचितच करायची.

"काढून घे," बाबा म्हणाले. "मला काय, सवय आहे."

त्यांनी हरकत घेतली असती, तर मी उसवलं असतं.

"माझ्या कोटाला तिने हातसुद्धा लावला नाही."

"लावणार होती गं. म्हणाली, असं पिशवीतून आलेल्या कोटाचं माप नाही घ्यायचं. पोरगी येईल तेव्हा अंगावर चढवून टाचण्या लावीन."

"हे खरं, की आत्ता सुचलं?"

तोंडाला वास येत असताना खोकल्याचं औषध घेतलंय म्हणून सांगणारा हा माणूस. त्या थापा ऐकताना आईचा चेहरा कसा असायचा ते मी आठवून पाहिलं. आठवेना. मी तेव्हा नेहमी यांच्याकडेच रागाने बघत असे.

ठिपके मी आत सारले. पँट हँगरला लावली. मग पिशवीची गाठ सोडून कोट चढवला. बाह्या बोटांपर्यंत आल्या.

"घ्या माप."

"मी?"

"दुसरं कोण आहे आता?"

त्यांनी आईसारख्याच टाचण्या ओठांत धरल्या. पहिलीच टाचणी मनगटात शिरली.

"लागलं का गं?"

"लागलं," मी म्हटलं. "दुसरी बाही घ्या."