फोझूनंतरचं गाव

सहा गावांना एकत्र आणलं ते अदोसिंदानं, हे तिकडे कुणी नाकारत नाही. पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या त्या डोंगरात लिथियमसाठी खाणी खणायला कंपनी आली, तेव्हा सेइशूचे शिकारी आणि उर्झेदूचे मधमाश्या पाळणारे एकमेकांचं तोंडही बघत नव्हते. उर्झेदूत पाटाच्या पाण्याच्या पाळ्या लावायचं काम अदोसिंदाकडे होतं. पाण्यावरून हातघाईवर आलेली माणसं शांत करण्यात तिचं आयुष्य गेलेलं. ती गावोगाव फिरली, टोमणे ऐकले, मिळेल तिथे कोबीचं सूप प्यायली. महिन्याभरात शिकारी, मधवाले, मेंढपाळ आणि चर्चमध्ये गाणाऱ्या बायका पाळीपाळीनं डोंगराची वाट अडवून बसायला लागल्या. यंत्रं दोनदा आल्यापावली परत गेली.

मग कंपनीनं निरोप धाडला : फोझूत एक खाण होऊ द्या, बाकी पाच गावांकडे वर्षभर फिरकणार नाही.

फोझूत जेमतेम अकरा माणसं उरली होती, सगळी म्हातारी. त्यांच्या वतीनं झुल्मीरा आली होती. बैठकीत ती एवढंच म्हणाली, "आम्ही मरेपर्यंत तरी थांबा."

अदोसिंदानं तिला जवळ बसवून समजावलं. वर्ष मिळालं की कोर्टात जाता येईल, मग फोझूसाठीही लढू. बोलताना तिला ते खरंच वाटत होतं. मतदान झालं आणि तिनं हात वर केला. झुल्मीरा कोट घालून निघून गेली. पुढे फोझूचा झरा गढूळ झाला, तेव्हा अदोसिंदा तिकडे फिरकली नाही. कोर्टाच्या कागदांतून सवडच मिळाली नाही, असं ती सांगायची.

वर्ष सरलं, दावा कोर्टातच अडकलेला. कंपनीचा दुसरा निरोप आला. या वेळी नाव उर्झेदूचं होतं.

सेइशूच्या सभागृहात शिकाऱ्यांचा म्होरक्या अबीलियू बोलायला उठला. दोन हिवाळे त्यानं डोंगराच्या वाटेवरच्या अदोसिंदाच्या शेडमध्ये पहारा दिला होता, तिच्या हातचं जेवला होता.

"बाई, राग मानू नका," तो म्हणाला. "चार गावं कायमची सुटतायत. लेखी देतायत."

"फोझूच्या वेळीही लेखीच होतं."

"तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, एक गेलं तर पाच वाचतात?"

"वेळ मिळावा म्हणून म्हणाले होते."

"मग आम्ही वेगळं काय म्हणतोय?"

त्याच्या आवाजात खोच नव्हती. ती असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. गाणाऱ्या बायकांपैकी एकीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसरा हात वर केला. चार गावं एकीकडे, उर्झेदू दुसरीकडे. फोझूची खुर्ची तर त्यांनी केव्हाच काढली होती.

पुढच्या रविवारी सेइशूत विजयाचं जेवण ठेवलं. अदोसिंदालाही आमंत्रण आलं. तिनं ते चुलीत घातलं.

सोमवारी यंत्रं आली. उर्झेदूची नऊ माणसं वाटेवर बसली. इतर गावांतून कुणी आलं नाही. थोड्या वेळानं वरच्या बाजूनं काठी टेकत झुल्मीरा उतरली आणि चार हात अंतर ठेवून दगडावर बसली.

अदोसिंदा उठून तिच्याजवळ गेली. "झुल्मीरा, त्या दिवशी माझं चुकलं गं."

"मी तुझ्यासाठी आले नाही," झुल्मीरा म्हणाली. "आमचा झरा गेल्यापासून आम्ही तुमच्या पाटाचं पाणी भरून नेतो. चोरूनच. तुझ्या पाळ्यांच्या यादीत आमचं नाव कुठंय?"

"सांगितलं असतंस तर घातलं असतं."

"तुला सांगायचं?" झुल्मीरानं पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "जा, तुझ्या माणसांत बस."

ती परत जाऊन बसली. पोलिसांनी दोघींना दोन वेगवेगळ्या गाड्यांत घातलं. संध्याकाळी सुटका झाली, तोवर पाटाची वरची भिंत फोडून यंत्रांसाठी रस्ता झाला होता. उघड्या पडलेल्या चरातून पाणी दरीत वाहून जात होतं. अदोसिंदा घरी न जाता तशीच फावडं घेऊन तिकडे गेली, आणि अंधार पडेपर्यंत ते भगदाड मातीनं बुजवायचा प्रयत्न करत राहिली. पाणी माती घेऊन जात होतं.