नोडल अधिकाऱ्याची खोली

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत रुपचंद पाटलांची छोटी इंटरनेट कंपनी आहे. परवान्याच्या अटीप्रमाणे तिथे एक बंद खोली ठेवलेली होती. गृह विभागाचा आदेश आला, तर ठरलेल्या ग्राहकाची लाईन या खोलीतून पोलिसांना जोडून द्यायची. आदेश कोणाबद्दल आहे, मुळात आला आहे की नाही, हे फक्त नोडल अधिकाऱ्याला ठाऊक असायचे. ते पद रुपचंदनानांनी दिपमालाला दिले होते.

खोलीतली यंत्रणा मात्र कंपनीचा तंत्रज्ञ समाधान याने बसवली होती, आणि नोकरीत तो तिच्याहून जुना होता. ती खोलीतून बाहेर येऊन निमूट चहा घ्यायची. त्याला वाटायचे, हिला सगळं गाव कळतं आणि आपल्याला काहीच नाही.

"कोणाचे फोन ऐकता मॅडम? आमचे तर नाही ना?" तो विचारायचा.

"तुमचं ऐकायला खोली कशाला लागते, समाधानभाऊ? दाल मिलपर्यंत जातो तुमचा आवाज."

डिसेंबरात नानांच्या असोद्याच्या शेतात ऑफिसची भरीत पार्टी ठरली.

"चाल रे समाधान, बठ्ठा निंघनात!" सगळे निघाले तशी नानांनी हाक मारली.

पोट बिघडल्याचे सांगून तो मागे राहिला. गाड्या गेल्यावर त्याने, खोली उघडताच दिपमालाला जाणारा इशाऱ्याचा मेसेज बंद केला आणि यंत्रणा बसवतानाचा पासवर्ड टाकून दार उघडले.

स्क्रीन कोरी होती. एकही नंबर नाही. मागे, अगदी सुरुवातीपर्यंत पाहिले. एकही आदेश कधी आलेला नव्हता.

"तुमच्या पोटासाठी ताक आणलं होतं," मागून आवाज आला. दारात दिपमाला उभी होती, हातात बाटली.

"आत काहीच नाही," तो म्हणाला. "मग एवढं लपवत काय होता?"

"काही नाही, हेही सांगायचं नसतं, भाऊ."

"मग आजचंही सांगू नका. नोकरी जाईल माझी."

"न सांगता माझी राहील का? बाहेर या."

तो बाहेर आला. तिने बाटली त्याच्या टेबलावर ठेवली, आत जाऊन दार लावले आणि नानांना फोन लावला. तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. आत काही नाही हे माहीत असूनही समाधान त्या दाराकडेच बघत बसला.