लोड हवेत असताना

मित्रांनो, मी एक जुना मफलर आहे. लोकरीचा, पिवळ्या आणि मरून पट्ट्यांचा, दोन्ही टोकांना झालर असलेला. राहतो कुठं, तर शारजाला, रोल्ला नावाच्या वस्तीत. हसा, हसून घ्या. ज्या गावात मे महिन्यात गाडीच्या दाराला हात लावला की चटका बसतो, तिथं लोकरीच्या मफलरचं काय काम? मलाही पहिल्या दिवशी हाच प्रश्न पडला होता. शाळा काही मी बघितली नाही, मशीनमधून निघालो तो थेट दुकानात. तेव्हा जसं येतं तसं सांगतो, गोड मानून घ्या.

जन्म माझा इंग्लंडचा. रेव्हन्सबी नावाचं गाव आहे, विटांच्या घरांचं, कायम ओलं. तिथल्या बायकांच्या फुटबॉल क्लबचा मी मफलर. बायकांचा क्लब, हे नीट ऐकून ठेवा, कारण त्यावरून पुढं माझी लई चेष्टा झाली. हा क्लब त्याच वर्षी पहिल्यांदा इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये चढला होता. तिथं बाकीच्या टीम म्हणजे मोठी नावं, मोठी स्टेडियम. आमच्या पोरी गेल्या सीझनपर्यंत दिवसा नोकरी करून संध्याकाळी प्रॅक्टिसला येणाऱ्या. वर चढल्या खऱ्या, पण टिकायचं कसं? जी टीम शेवटची येते ती परत खाली जाते, असा तिथला कायदा.

त्या गावात हम्माद नावाचा एक गडी बस चालवतो. त्याची बहीण अजरा शारजाला. अजराची पोरगी सफा शाळेच्या टीममध्ये गोलकीपर. भाचीसाठी म्हणून हम्मादने मला उचललं आणि बॅगेत कोंबून आणलं.

बॅग उघडली तेव्हा सगळ्यात आधी मला बघितलं ते सफाच्या बापानं, हमदुल्लाने. मूळचा दापोलीकडचा माणूस, उंच, आवाज जाड. मला दोन बोटांत धरून म्हणाला, "हम्माद, शारजात मफलर? पुढच्या खेपेला रेनकोट आण."

"तुमच्यासाठी नाय तो, दुल्हाभाई. सफासाठी आहे."

"सफा काय करणार याचं? पोछा?"

"अब्बा, डोन्ट यू डेअर," असं म्हणत सफाने मला हिसकावून घेतलं आणि तोंडाशी धरून वास घेतला. त्या वासात रेव्हन्सबीचा पाऊस होता, असं ती म्हणाली. दुकानातल्या गोदामाचा वास होता तो, पण मी कशाला सांगतोय.

पोरीची वस्तू बापाच्या गळ्यात कशी गेली, तेही ऐका. त्यांच्या हॉलमध्ये सोफ्याच्या टोकाला एक जागा होती, तिथं एसीचा झोत बरोबर मानेवर यायचा. हमदुल्ला तिथंच बसायचा. एका मॅचला मान आखडली म्हणून त्याने मला गुंडाळलं, आणि त्या दिवशी आमची टीम पहिल्यांदा जिंकली. खलास. सफाने फर्मान काढलं, "अब्बा, तो तुम्हीच घालायचा. प्रत्येक मॅचला."

हमदुल्ला लांब रुवैसला, तेलाच्या कारखान्यात क्रेन ऑपरेटर होता. आठवडाभर तिकडं कॅम्पात, सुट्टीला घरी. मलाही बरोबर न्यायचा. कॅम्पातले पंजाबी, मलबारी दोस्त विचारायचे, "भाईजान, ये लेडीज मफलर है क्या?"

"हां हबीबी, लेडीज है. मेरी बेटी की टीम है," असं तो छाती काढून सांगायचा. जसं काही सफाच त्या टीमची मालकीण. मित्रांनो, लोकर जाड असते, पण तिला पण ऊब लागते. मला तिथं लागली.

आता मेन गोष्ट. क्रेनवाल्यांचा एक नियम असतो. लोड हुकला लटकत असताना ऑपरेटरने सीट सोडायची नाही. तहान लागो, पायाला मुंग्या येवोत, फोन वाजो. लोड जमिनीवर टेकला की मगच उठायचं. खाली माणसं असतात म्हणून. हमदुल्लाच्या हाडात मुरलेला नियम होता तो, आणि तो त्याने मॅचला आणला. आमची टीम पुढं असली किंवा बरोबरीत जीव धरून असली की तो म्हणायचा, "लोड हवेत आहे. कोणी सीट सोडायची नाय." जो जिथं आहे त्याने तिथंच राहायचं, शिट्टी होईपर्यंत. तुमच्या घरी क्रिकेटला असं करतातच की, मला माहीत आहे.

सफाची जागा टीव्हीच्या पुढं, जमिनीवर. बापाची सोफ्याच्या टोकाला. अजराला फुटबॉलचं काही नव्हतं. ती आपली किचनमध्ये जा-ये करायची, पण एकदा ती किचनच्या दारात उभी असताना गोल झाला, तेव्हापासून तिलाही ती जागा लागली.

"दूध गॅसवर आहे, मला जाऊ दे गो," ती म्हणायची.

"अम्मी, लोड हवेत आहे."

"तुमचा लोड हवेत आणि माझं दूध शेगडीवर. आणि ऐकता काय सफाचे अब्बा, ही तुमची टीम हरायचा पगार घेते का?"

दूध उतू जायचं. करपल्याचा वास हॉलभर. हमदुल्ला मान न वळवता म्हणायचा, "दूध उद्या पण मिळेल, अजरा." तीही हसायची. वाईट दिवस नव्हते ते.

सीझन मात्र वाईट. पानं गळायच्या दिवसांत हरलो, थंडीत हरलो, एकदा बर्फामुळं मॅचच झाली नाही तेव्हा सफा म्हणाली, आज तरी नाही हरलो. पण टेस नावाची एक गोलकीपर होती आमच्याकडं. लाल केसांची, बुटकी. गोलकीपरला बुटकं असणं म्हणजे हमालाला कंबरदुखी. तरी ती अशी उडी मारायची की सफा श्वास घ्यायची विसरायची. दुसऱ्या दिवशी शाळेत तीच उडी मारून कोपरं सोलून घ्यायची. हमदुल्ला फोनवर विचारायचा, "आज किती सोललं?" आणि खूश व्हायचा. टेसच्या जिवावर आम्ही रडतखडत शेवटच्या मॅचपर्यंत आलो. एक बरोबरी मिळाली तरी टिकणार होतो. हरलो की खाली.

मे महिना. दुपारच्या नमाजनंतरची वेळ, खिडकीचे पडदे ओढलेले, एसी फुल. हमदुल्ला आदल्या संध्याकाळी रुवैसहून आला होता. मला गळ्यात घातलं. सगळे आपापल्या जागी.

आमच्या पोरींनी आधी गोल केला. अजरा दारात होती, ती तिथंच गोठली. सफा जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन. मग समोरच्यांनी फेडला. एकाला एक. आता फक्त धरून ठेवायचं होतं.

मित्रांनो, घाम लोकरीला सगळ्यात आधी कळतो. एसीच्या झोतात बसलेल्या माणसाची मान घामाने भिजत होती. थंड घाम. गळ्याची शीर माझ्या खाली उडत होती, मध्येच थांबत होती, परत पळत होती. मला वाटलं मॅचमुळं असेल. मग त्याने डावा खांदा चोळला. जबडा आवळला. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण मफलरला कुठलं तोंड?

आता त्या हॉलचा नकाशा डोळ्यांपुढं आणा. पोरगी पुढं, तिची पाठ बापाकडं. बायको मागं दारात, तिला दिसत होता फक्त सोफ्यावरून वर आलेला डोक्याचा मागचा भाग. माणूस मधोमध, आणि त्याचा चेहरा कोणालाच दिसत नव्हता. सगळे आपापल्या जागेवर होते ना.

त्याने सोफ्याच्या हातावर पंजा टेकवला. उठायला. स्प्रिंग वाजली. सफाने मान न वळवता म्हटलं, "अब्बा, नो. लोड हवेत आहे."

तो हसला. खरंच हसला, मला गळ्यात जाणवलं. "होय गो बाय. बसलोय." आणि पंजा उचलून मांडीवर ठेवला.

थोड्या वेळाने त्याने तोंड उघडलं. "अज..." एवढंच आलं. तेवढ्यात समोरच्यांना कॉर्नर मिळाला, टीव्हीतलं अख्खं मैदान ओरडायला लागलं, आणि त्याने उरलेलं नाव गिळलं. टेसने तो बॉल हवेतून असा उचलला जसं झाडावरचं फळ. मग शिट्टी.

सफा उडाली. "अब्बा, वी आर सेफ. वी स्टेड अप." वळली तर बाप पांढरा पडलेला.

"टेकला?" त्याने विचारलं.

"हो, टेकला. अब्बा? अम्मी, अब्बांना काय होतंय?"

तेव्हा तो उठला. नियमाप्रमाणे. दोन पावलं टाकली आणि खाली आला.

शेजारचा प्रकाश धावत आला, अँब्युलन्स आली. हॉस्पिटलमध्ये मला गळ्यातून काढून घड्याळाबरोबर एका प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकलं. पिशवीतून सगळं धूसर दिसतं, पण ऐकू येतं. डॉक्टर प्रकाशला हळूच म्हणाला, "थोडा पहले लाते तो शायद." प्रकाशच्या मागं सफा उभी होती. प्रकाशला माहीत नव्हतं. डॉक्टरलाही नव्हतं.

हमदुल्ला गेला. माती शारजातच झाली. अजराने मला धुतलं नाही, त्याचा वास होता म्हणून. सफाने मला कपाटात सगळ्यात खाली, चादरींच्या मागं ढकललं. गोलकीपरचे ग्लोव्ह्ज तिने शाळेत परत देऊन टाकले. अजरा विचारायची, का गो? ती म्हणायची, "आय डोन्ट फील लाइक इट." एकदा रात्रीच्या जेवणाला कोणी तरी सहज म्हणालं, बस इथं, तर पोरगी ताट टाकून उठली. बस म्हटलेलं तिला सहन होत नव्हतं.

अंधारात मी एकटा विचार करायचो. त्या हॉलमध्ये काय झालं ते पूर्ण मला एकट्यालाच माहीत. तो उठत होता हे मला माहीत. पोरीने थांबवलं हेही माहीत. आणि तो कोणाचं ऐकून थांबणारा माणूस नव्हता, वीस मजले उंचीवर वाऱ्यात बसून हाताला कंप न येऊ देणारा हट्टी होता, हेही मलाच माहीत. कोणी विचारलं असतं तर यातलं नेमकं काय सांगायचं? बरं झालं मला तोंड नाही.

मग नवीन सीझन आला. अजरा आता स्कूल बसमध्ये लहान पोरं सांभाळायला जात होती. एका सुट्टीच्या दुपारी तिने कपाट उपसलं, मला बाहेर काढलं, झटकलं, आणि स्वतःच्या गळ्यात घातलं.

"सफा, ती मॅच लावून दे."

"अम्मी, मी नाही बघत आता."

"तू नको बघू. मी बघणार. बटण कुठलं ते सांग."

सफाने मॅच लावली आणि जायला निघाली. पण पाय दारात अडखळले. टेस दिसली असेल. दारातच उभी राहिली, आईच्या जुन्या जागी. अजरा बसली होती सोफ्याच्या टोकाला, एसीच्या झोतात. किचनमध्ये दूध चढवलेलं.

आमची टीम एका गोलने पुढं होती. समोरच्यांनी जोर लावला. टेसच्या पुढं गर्दी झाली. आणि बरोबर तेव्हा अजरा उठली.

सफाच्या तोंडून निघून गेलं, "अम्मी, बस."

"दूध आहे गॅसवर," म्हणत अजरा तिच्या शेजारून आत गेली, गॅस बंद केला, आणि वळली तोवर गोल झाला होता. टीव्हीतले लोक ओरडत होते. सफा भिंतीला टेकली होती.

अजरा परत आली. टीव्हीकडं बोट केलं. "का झाला हा गोल?"

सफाने टीव्हीकडं पाठ केली.

"मला कळत नाय म्हणून विचारते. तू गोलकीपर आहेस. सांग, का झाला?"

"टेस," सफा म्हणाली, "टेस लवकर पुढे आली. शी शुड हॅव स्टेड."

"मी उठले म्हणून नाय?"

पोरीने नाही म्हणून मान हलवली.

"मग मी उठले म्हणून तिकडं गोल होत नाय, तर तू बस म्हणालीस म्हणून इकडं अब्बा कसे जातील?"

"तुला माहीत आहे? मी काय म्हणाले ते?"

"मी दारात होते बाय. मी पण ऐकलं. मी पण जागा सोडली नाय. मी पण त्यांचं तोंड बघायला पुढं आले नाय." अजराने मला गळ्यातून काढलं. "हे दोघींनी अर्धं अर्धं घ्यायचं आहे. तू एकटी सगळं उचलून चाललीस."

पोरगी तेव्हा रडली. इतक्या महिन्यांचं. अजराने माझं एक टोक तिच्या खांद्यावर टाकलं, दुसरं स्वतःच्या. मी लांब आहे, दोघींना पुरलो. ती मॅच आम्ही हरलो. कोणी बघितलीच नाही शेवटपर्यंत.

सीझन संपायच्या आधीच आमची टीम खाली गेली, मित्रांनो. या वेळी कोणी वाचवलं नाही. सफाने ग्लोव्ह्ज परत मागून घेतले, पण मॅच लावली की अजून मध्येच उठते, पाणी प्यायला, उगाच. येताना आईचा चेहरा बघते. मग बसते.

मला कोणी ऊन दाखवलं नाही, कसर लागली तरी चालेल, जुना झालोय. तुम्ही मॅच जरूर बघा, ओरडा, जागा धरून बसा, दूध उतू जाऊ द्या. फक्त मागं सोफ्याची स्प्रिंग वाजली, तर एकदा वळून बघा. बॉल तिकडं जायचा तिथंच जातो. मागं बसलेला माणूस मात्र हसून म्हणतो, बसलोय.