आभाळाची उचकटलेली कड

कान तपासताना पेशंटच्या हातात द्यायच्या बटणाच्या डोक्यावरचा पांढरा रंग अंगठ्यांनी झिजून झिजून आता जुन्या दातासारखा पिवळट झाला होता. स्पिरिटचा बोळा तिनं त्याच्यावरून फिरवला, मग वायरवरून, मग हेडफोनच्या दोन्ही गाद्यांवरून... ऐकू आलं की दाबायचं, नाही आलं की नाही दाबायचं. एवढंसं काम, पण तेही माणसांना धड जमत नाही. आत्ताच गेलेल्या आजीबाई काहीही वाजत नसताना बटण दाबत होत्या, हसत हसत, शाळेत पहिल्यांदा हात वर करणाऱ्या मुलीसारख्या, आणि काचेच्या अलीकडे यंत्रासमोर बसून ती मनातल्या मनात किंचाळत होती – अहो, शांतता आहे ती! तिला कसली उत्तरं देताय?

बोळा तसाच हातात राहिला. शांततेला उत्तरं देणारी माणसं... वाक्य बरं होतं. तिच्या कादंबरीतल्या दोरवालीच्या तोंडी शोभलं असतं. आटलेल्या तळ्याच्या तळाशी, उलट्या पडलेल्या होड्यांखाली राहणारी ती उरलीसुरली माणसं, त्यांच्यातली केसांचे दोर वळणारी ती बाई, आणि वर एका बाजूनं उचकटलेली आभाळाची कड, जिच्या फटीतून ‘ते’ आत येतं... हे सगळं वर्षभर तिच्या डोक्यात होतं आणि कागदावर उतरलं की त्याचा पार चिखल व्हायचा. पहिलं प्रकरण चार वेळा लिहून झालं होतं. चारही वेळा जग संपायचं आणि पुढच्याच पानावर उरलेली माणसं पाण्यावरून भांडायला लागायची, जणू काही जग संपलं नव्हतं, नुसता नळ गेला होता.

ग्रंथालयातल्या लेखनवर्गाचे सर म्हणाले होते, ‘‘बाई, कल्पना चांगली आहे हो. पण तुम्ही तुमच्या अनुभवातलं का नाही लिहीत? कानाच्या दवाखान्यातलं?’’ सर्वांनी माना डोलावल्या होत्या. सरांना काय सांगणार की हे अनुभवातलंच आहे! ती नोकरीला लागली त्या दिवशी जुन्या तपासनीसबाईंनी तिला या आवाजबंद बूथमध्ये बसवून दार लावून घेतलं होतं – बस जरा, म्हणाल्या, शांतता म्हणजे काय ते कळू दे. आधी स्वतःचा श्वास, मग मानेतलं रक्त, मग तेही मागे पडलं आणि... शांततेच्या पार टोकाला कुणीतरी उभं होतं. आपल्याकडे पाठ करून. मारायला आलेलं नाही, वाचवायलाही नाही. मी इथं आहे हे त्याला माहीतसुद्धा नाही आणि कधी होणारही नाही. दार उघडल्यावर जुन्या बाई हसल्या होत्या, ‘‘घाबरलीस?’’ आणि ती म्हणाली होती, नाही. पण तेव्हापासून ते तिच्यापाशी होतं. तिचं एकटीचं.

एकटीचं होतं – नवऱ्यानं प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढेपर्यंत.

कागद काढला, वाचला, आणि हा माणूस, ज्यानं लग्नानंतर एक कादंबरी हातात धरली नाही, तो उभ्या उभ्या तिच्या जगात शिरला. बरं, शिरला तो पाहुण्यासारखा नाही. जन्मभर जमिनीची मोजणी केलेला, वेळेआधी निवृत्ती घेऊन घरी बसलेला, हात शिवशिवत असलेला माणूस तो! आठवड्याभरात जेवणाच्या टेबलावर तळ्याचा नकाशा पसरला गेला, उंची-सखल दाखवणाऱ्या रेषांसकट, आणि तेव्हापासून दोघं स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहून जेवत होती. आज सकाळीसुद्धा तेच.

‘‘तळ्याचा उतार कुठल्या बाजूला?’’

‘‘मला नाही माहीत.’’

‘‘तुला नाही तर कुणाला माहीत असणार? आणि होड्या या बाजूला ठेवल्यास तर सांडपाणी सरळ त्यांच्या अंगावर येईल.’’

सांडपाणी! आभाळ उचकटलंय, वेळ उलटीसुलटी वाहतेय, माणसांना दुसऱ्यांची स्वप्नं पडताहेत, आणि याला सांडपाण्याची पडलीय. पण तेही परवडलं. जीव नकोसा केला होता तो फटीतून येणाऱ्या ‘त्या’च्याबद्दलच्या दुसऱ्या प्रश्नानं. ‘‘ते सगळं ठीक आहे, पण त्याला हवंय काय?’’ काही नको, ती म्हणायची, भांडी विसळता विसळता, कपडे घड्या करता करता, अंथरुणात पाठ वळवून – त्याला काही नकोय, तोच तर मुद्दा आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा – ‘‘पण त्याला हवंय काय?’’ पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिनं संतापून मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘त्याला काहीही नको आहे’, आणि कागद फ्रिजवर डकवला. तो चष्मा लावून समोर उभा राहिला. ‘‘अस्सं होय!’’ म्हणाला. ‘‘मग हे आधी सांगायचं नाही का?’’

तेव्हा हातातली कढई त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली होती.

आणि आज तर त्यानं कहरच केला होता. घरातलं कमी पडलं म्हणून की काय, जेवणाच्या सुट्टीत इथं, तिच्या कामाच्या जागी, यायचं ठरवलं होतं. दोरवाली कोरड्या विहिरीत उतरते ना, तिला तिथं काय ऐकू येतं ते मला स्वतः अनुभवायचंय, तुझ्या त्या बूथमध्ये मला बसव. तिनं नाही म्हणून पाहिलं, दवाखाना आहे, नाटकाचा रंगमंच नाही म्हणून पाहिलं. त्यानं नुसतं हसून मान हलवली होती, आणि ती हो म्हणालीय असंच धरून चालला होता.

आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. बाहेरच्या बाकावर एखाद्या पेशंटसारखा, गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता.

‘‘चल, आटप,’’ ती म्हणाली. ‘‘डब्बा खायचाय मला.’’

बूथचं जाड दार तिनं ओढलं. तो आतल्या खुर्चीत बसला, भिंतींचा मऊ फेस बोटानं दाबून पाहिला, छताकडे पाहिलं. दार लावायच्या आधी म्हणाला, ‘‘नुसतंच बसू का? आलोच आहे तर ते यंत्रही लाव की. तुलाही बरं, मलाही बरं.’’

‘‘मला काय त्यात बरं?’’

तो खुर्चीत सावरून बसला. तिनं जरा आदळल्यासारखेच हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवले, बटण हातात दिलं, ऐकू आलं की दाब, अगदी बारीक आलं तरी दाब, हे रोजचं वाक्य रोजच्याच सुरात म्हटलं आणि काचेच्या अलीकडे येऊन बसली.

उजवा कान. त्यानं बटण दाबलं की तिच्या यंत्रावर दिवा लागायचा. आवाज, दिवा. बारीक आवाज, दिवा. याच्या वयाला असतो तसा कान, वरच्या सुरांना थोडा मंद, बाकी ठणठणीत. आलेखावर लाल पेन्सिलीनं गोल काढत गेली. डोकं अजून सकाळच्या उतारातच होतं... आज घरी गेल्यावर सांगायचं, नकाशा गुंडाळ. माझं आहे ते मला परत दे. मला ते चुकीचं लिहायचंय, मला सांडपाण्याशिवाय लिहायचंय...

डावा कान. आवाज.

दिवा लागला नाही.

आवाज वाढवला. काचेपलीकडे तो मान किंचित खाली घालून बसला होता, एखाद्या जड वाक्याचा अर्थ लावत असावा तसा. अजून वाढवला. नाही. तिला वाटलं, वायर सैल असेल, झिजलीच आहे ती – उठून आत गेली, खटका तपासला, त्याच्याकडे न बघता परत आली. पुन्हा. दिवा लागला तो इतक्या वर की तेवढ्या आवाजाला आजीबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या असत्या. चांगल्या कानानं मदत करू नये म्हणून त्यात खरखर सोडून वाईट कान वेगळा काढला. कानामागच्या हाडावर कंपक ठेवून पाहिला. हाडावरूनही तेच, म्हणजे दोष आत, नसेकडे. निळ्या फुल्या कागदावर उतरत गेल्या, खाली खाली.

मग शब्द. छापील तक्ता तिनं तोंडासमोर धरला, ओठ दिसू नयेत म्हणून, आणि फक्त डाव्या कानात आवाज सोडला.

‘‘खिडकी.’’

‘‘फिरकी,’’ तो म्हणाला.

‘‘माती.’’

‘‘पाती.’’

‘‘दोरी.’’

‘‘चोरी,’’ तो म्हणाला आणि स्वतःच हसला. ‘‘चुकलं वाटतं?’’

‘‘टोपी.’’

त्यानं डोकं थोडं पुढं केलं. मग हळूच म्हणाला, ‘‘काही म्हणालीस का?’’

तक्ता तोंडासमोरच राहिला. तक्त्यामागे, त्या एवढ्याशा आडोशाला, तिला एकदम सगळ्या रात्री आठवल्या – तो डावा कान वर करून झोपलेला, आणि ती पाठ वळवून भिंतीला सांगतेय, काही नकोय त्याला, काही नकोय. नळ सोडून सांगतेय. कपडे झटकत सांगतेय. आणि तो पुन्हा पुन्हा विचारतोय, तेच, तसंच, कंटाळा न करता... एकदाच उत्तर मिळालं त्याला. फ्रिजवर.

मी कानाची माणूस आहे, तिला वाटलं, आणि पाठोपाठ जो राग आला तो स्वतःवरचा नव्हता, त्याच्यावरचा होता, भडभडून आलेला, तापलेला. बोलायला काय झालं होतं याला? तोंड नाही? घरात एक बाई रोज परक्यांचे कान तपासून येते आणि हा तिच्याशी तळ्याच्या उतारावर बोलतो! विहिरीचा अनुभव म्हणे. इस्त्रीचा शर्ट घालून.

डॉक्टरीणबाईंनी आलेख बघताना चष्मा वर केला नाही. एका बाजूचाच कान जातो तेव्हा त्या असंच करतात, हे तिला माहीत होतं. पुढचं वाक्यही माहीत होतं, तिनं कितीदा ते दाराबाहेरून ऐकलं होतं.

‘‘एकाच बाजूचा आहे, आणि शब्द फारच कमी कळताहेत. नस बघायला हवी. स्कॅन करून घेऊ. बहुतेक वेळा गाठबिठ काही निघत नाही.’’ मग त्याच्याकडे वळून, मोठ्यानं, ‘‘चक्कर येते का? तोल जातो?’’

‘‘कधीमधी,’’ तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. कधीमधी!

अर्धा दिवस रजा टाकून ती त्याच्याबरोबर निघाली. डबा तसाच पिशवीत होता. रस्त्यावर दुपारचं ऊन पांढरं झालं होतं, दुकानांची दारं अर्धी ओढलेली, एक माणूस शिडीवर चढून पाटी पुसत होता. सगळं जागच्या जागी होतं आणि याचाच तिला वैताग आला. कुठं तरी एखादी कड हलायला नको का?

‘‘तुला माहीत होतं,’’ ती म्हणाली.

त्यानं मान वळवली. ‘‘अं?’’

खरंच ऐकू आलं नव्हतं, की आता हे एक सोयीचं झालं होतं, ते कळायला मार्ग नव्हता. ती थांबली, त्याच्या मागून वळसा घेतला आणि उजव्या बाजूला आली. तो लगेच म्हणाला, ‘‘हां, इकडूनच चाल. त्या बाजूला गाड्या असतात.’’ गाड्या दोन्ही बाजूंना होत्या.

‘‘तुला माहीत होतं, असं म्हटलं मी.’’

‘‘शंका होती.’’

‘‘मग सांगायचं नाही?’’

‘‘तुला सांगितलं असतं तर तू लिहायची थांबली असतीस,’’ तो म्हणाला. मग थोडं चालून, ‘‘आणि ते तुझं प्रकरण चांगलं चाललंय.’’

‘‘डोंबल चाललंय! चार वेळा लिहिलंय मी ते.’’

‘‘उतार सोडला तर चांगलं आहे.’’

एरवी तिला हसू आलं असतं. खूप बोलायचं होतं, भांडायचं होतं, किती दिवस झाले, कुठल्या दिवशी पहिल्यांदा, तोल जातो म्हणजे जिन्यावर का... पण तोंडून निघालं ते भलतंच. दोरवाली विहिरीत उतरते, ती सांगू लागली. स्वतःच्या केसांचा दोर, म्हणून तो तिच्यापेक्षा लांब असू शकत नाही, असं सगळे म्हणतात. पण तो पुरतो. खाली तळाला गार आहे. वरचे आवाज एकेक करून मागे पडतात... ती सांगत होती आणि हे तिनं कधी लिहिलं नव्हतं, कधी सुचलंही नव्हतं, चालता चालता समोरच्या उन्हातून उचलल्यासारखं ते येत होतं. ती मोठ्यानं बोलत होती. शिडीवरचा माणूस वळून बघत होता, बघू दे. तो मान तिच्याकडे झुकवून, एकही शब्द सांडू नये अशा बेतानं चालत होता, आणि पहिल्यांदाच त्यानं मध्ये काही विचारलं नाही. विचार ना, तिला वाटलं. उताराचं विचार. सांडपाण्याचं विचार. काहीही.

‘‘...आणि मग ती भिंतीला कान लावते,’’ ती म्हणाली आणि थांबली.

‘‘मग?’’

पुढचं तिला दिसत होतं – भिंतीपलीकडे तेच, पाठ करून उभं, हाक न ऐकणारं. वर्षभरात नव्हतं इतकं स्वच्छ, शब्दांसकट, चिखलाचा एक ठिपका नसलेलं. त्यानं तोंड तिच्याकडे केलं होतं, उन्हात डोळे बारीक करून तो वाट बघत होता, आणि आपल्याच बनवलेल्या गोष्टीची तिला अशी भीती वाटली, की ते सांगायला तिची जीभ रेटेना.

‘‘मग काय?’’ त्यानं विचारलं. ‘‘बोललीस का काही?’’