नारिंगी वटवाघळाची जात

मिशाळ वटवाघळांच्या वर्गीकरणात एलिसेओ बारागान यांनी उभे आयुष्य घालवले होते, आणि आता त्याच वर्गीकरणात त्यांचे स्वतःचे नाव लागणार होते. त्यांची जुनी विद्यार्थिनी फाबिओला हिने कोलिमा प्रांताच्या किनाऱ्यालगतच्या एका गुहेतून तीन नारिंगी वटवाघळे आणली होती. त्या भागातली मिशाळ वटवाघळे तपकिरी. ही मात्र पिकल्या पपईसारखी. नवी जात म्हणून तिने लेख लिहिला आणि जातीला गुरूंचे नाव दिले. आपण शोधलेल्या जातीला आपलेच नाव द्यायचे नाही, हा या मंडळींचा शिष्टाचार. त्यामुळे तो मान दुसऱ्याच्या हातूनच यावा लागतो, आणि निवृत्तीनंतर कितीतरी वर्षे उलटली तरी बारागान यांच्याकडे तो फिरकला नव्हता.

त्यांची पत्नी ओतिलिया हिने गल्लीभर सांगून टाकले होते.

“जन्मभर तुझं डोकं वटवाघळांत, म्हाताऱ्या,” ती म्हणाली, “आता निदान एखादं वटवाघूळ तरी तुला नातेवाईक म्हणेल.”

लेख टपालात पडण्यापूर्वी एकदा नजर टाकावी म्हणून बारागान विद्यापीठाच्या संग्रहालयात गेले. फाबिओलाने कापूस भरलेल्या तिन्ही कातड्या खिडकीपाशी मांडून ठेवल्या होत्या. त्यांनी आधी कवट्या मोजल्या. मापे तपकिरी जातीच्या मर्यादेतच बसत होती. पण तेवढ्यावरून काही ठरत नव्हते. मग सवयीप्रमाणे त्यांनी एक कातडी ओठांजवळ धरली आणि पाठीवर हलकेच फुंकर मारली. फुंकरीने केस दुभंगतात आणि मुळाशी कोणता रंग आहे ते दिसते. तपासण्याची ती जुनीच रीत.

खांद्यांच्या मधोमध, नारिंगी केसांखाली, आखूड आणि दाट तपकिरी केस उगवत होते.

दुसरीतही तेच. तिसरी कातडी त्यांनी थोडा वेळ नुसतीच हातात धरली. “छान झालंय” म्हणून ते घरी गेले असते, तर फाबिओलाने पुढे काही विचारले नसते. मग त्यांनी तिसरीवरही फुंकर मारली.

“फाबिओला, ही गुहेत कुठे सापडली?”

“अगदी आतल्या दालनात, माएस्त्रो. तोंडाशी सगळी तपकिरीच. म्हणून तर म्हणते, दोन जाती वेगवेगळ्या राहतात.”

“आत उभं राहवत होतं?”

“कसलं हो. विष्ठेचा अमोनिया इतका, की डोळ्यांच्या धारा थांबेनात.”

“तू घटकाभरच होतीस. ही तिथे महिनोन्महिने लटकलेली असतात. ये, फुंकर मार.”

तिने मारली. बराच वेळ ती वाकलेलीच राहिली.

“म्हणजे नवे केस तपकिरीच येतात,” ती म्हणाली, “आणि अमोनियाने रंग उडतो. मी रंग उडालेल्या प्राण्याची नवी जात करून ठेवली.”

“त्या हिशेबाने माझी मेहुणीही नवी जात आहे. तिचे केस दर महिन्याला वेगळे दिसतात.”

फाबिओला हसली, मग तिने लेखाचे कागद बाजूला सारले. “तुमचं नाव गेलं, माएस्त्रो.”

“खोट्या जातीला लागलं असतं, तर पुढे कुणीतरी ते खोडलंच असतं. नाव आपल्या माणसाने काढून घेतलेलं बरं.”

थोडेसे दुखले, हे खरे. पण तिन्ही कातड्या खणातल्या तपकिरी कातड्यांच्या शेजारी, रंगाच्या क्रमाने एका ओळीत ठेवल्यावर तपकिरीपासून नारिंगीपर्यंतची अखंड उतरंड दिसू लागली, आणि ती पाहताना बारागान दुखणे विसरले. किती दिवसांत रंग पालटतो, हे शोधायला पुढच्या उन्हाळ्यात गुहेत जायचे दोघांनी तिथेच ठरवले.

संध्याकाळी त्यांनी ओतिलियाला सगळे सांगितले. ती पोझोले, मक्याचे दाट सूप, वाढत होती. तिचा पळा वरच्या वर थांबला.

“हे शोधलं कुणी?”

“मीच.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली आणि त्यांचा वाडगा काठोकाठ भरला. “दुसऱ्या कुणी शोधलं असतं, तर मी त्याच्याशी भांडायला गेले असते.”