गुडघाभर छाटणी

कुंपणासाठी रोपं न्यायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी एकच गोष्ट बजावतो. रोप गुडघ्याएवढं झालं की शेंडा छाटा, जिवावर आलं तरी छाटा. तेव्हाच ते बुडापासून दाट होतं. हे मला दादानं शिकवलं. रोपवाटिका आम्ही दोघं भाऊ मिळून चालवायचो, घरंही शेजारी शेजारी होती.

एकदा त्यानं चार गिऱ्हाइकांदेखत माझ्या हातातली कात्री काढून घेतली. "दे इकडे. तुला या जन्मात जमायचं नाही."

माझं डोकं फिरलं. "मग सांभाळ तू एकटाच," म्हणालो. झालं उलटंच. दुसऱ्या दिवसापासून तोच यायचा बंद झाला. मीही हट्टाला पेटलो आणि दोन घरांच्या मधोमध झुडपांची रांग लावली. लहान, गच्च पानांची, बारा महिने हिरवी राहणारी जात निवडली. त्याचं तोंड दिसायला नको, एवढाच हेतू.

आडोसा लवकर व्हावा म्हणून शेंडे छाटलेच नाहीत. दोन वर्षांत कुंपण डोक्यावर गेलं आणि खाली नुसत्या काड्या राहिल्या. गावभर अक्कल वाटणाऱ्या माणसाच्या दारात हे असलं कुंपण. त्या काड्यांमधून रोज सकाळी दादाचे पाय दिसायचे. आधी भराभरा चालणारे, मग सावकाश, मग काठीसोबत. नऊ वर्षं मी भावाचे पाय तेवढे पाहिले. हाक मारावीशी अनेकदा वाटली, पण आधी त्यानं मारावी असंही वाटायचं.

गेल्या महिन्यात वहिनी रोपवाटिकेत आल्या.

"भाऊजी, हे विचारतायत, कुंपण खालून विरळ झालंय. काय करायचं?"

मला वाटलं, टोमणा मारतोय. ज्यानं मला कात्री धरायला शिकवली त्याला एवढं कळत नाही? जुन्या झुडपाला गुडघ्यापर्यंत छाटलं की नवे फुटवे येतात, हेही त्याचंच सांगणं.

"त्याला म्हणावं, मला या जन्मात जमायचं नाही. तूच बघ."

वहिनी आल्या पावली परतल्या. आठव्या दिवशी दादा गेला.

नातेवाईक पांगल्यावर मी वहिनींजवळ बसलो. किती वर्षांनी त्या घरात पाऊल टाकलं होतं. म्हणालो, "वहिनी, मी तसं बोलायला नको होतं. मला तो टोमणा वाटला."

"टोमणा कसला," त्या म्हणाल्या. "इलाज त्यांना ठाऊक होता. तुम्हाला बोलवायचं कसं, ते ठाऊक नव्हतं. तुमचा निरोप मी दिलाच नाही. बघायला याल म्हणून दोन दिवस ते कुंपणाजवळ खुर्ची टाकून बसले होते."

खुर्चीचे पाय मी पाहिले होते. दोन्ही दिवस. त्याचेही पाहिले होते, आणि पाहून आत निघून गेलो होतो.