मार्किझचा मान

"ह्या शिंगमोडीला म्होरं काढायची न्हाय, आत्या," हॉटेलवाला ओनेझीम म्हणाला, आणि लेओनीच्या हातातला खरारा गायीच्या पाठीवरच थांबला.

उन्हाळाभर वरच्या कुरणात चरलेली गुरं आज गावात उतरायची होती. कुरणात गायी टकरा घेतात, अन् सगळ्यांना हटवते ती राणी. उतरताना फुलांचा मुकुट तिच्या डोक्यावर, अन् सगळ्यांच्या पुढं तीच. लेओनीची मार्किझ सहा वर्षं राणी होती. यंदा एक शिंग गेलं, पण ती हटली नाही. मात्र आता थकली होती. पुढच्या साली ती डोंगर चढायची नाही, हे लेओनीला ठाऊक होतं. म्हणून तर म्हातारी पहाटेपासून तिला घासत होती.

"मग म्होरं कोण? तू?"

"माझी पेर्ल. ठिपक्याची हाय, फोटुला बरी दिसती. तीन बसा भरून लोक आल्यात, आत्या!"

"पैल्याच टकरीला शेपूट वर करून पळाली तुझी पेर्ल. सांगितलंस का त्या लोकांस्नी?"

"मंडळानं ठरवलंय."

मंडळ म्हणजे कोण? हा, ह्याचा मेहुणा अन् मेहुण्याची बायको! दहा वर्षांत ह्यानं गायीच्या सडाला हात लावला नव्हता. आज मात्र भरतकामाची बंडी घालून गुराखी झाला होता. उंटावरून शेळ्या हाकणारा मेला!

लेओनीचं कोण ऐकतो? मार्किझला धरून ती सगळ्यांच्या मागं, धूळ खात निघाली. तिचा जीव नुसता जळत होता.

गावाच्या तोंडाशी पूल. पुलापाशी पेर्ल थबकली, ती थबकलीच. ओनेझीमनं दावं ओढलं, ढुंगणावर थापट्या मारल्या. पेर्ल मान वळवून मागंच बघत राहिली अन् भदाभदा त्याच्या नव्या बुटांवर शेणली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमच आहे.

"राणी मागं असताना तिची काय छाती हाय म्होरं जायची?" गुराखी सिप्रियाँ हसत म्हणाला.

शेवटी ओनेझीम शेण तुडवत मागं आला. "आत्या, हिला आण की म्होरं."

"हिला म्हंजी कुणाला? नाव न्हाय व्हय तिला?"

"मार्किझला."

"कोण मार्किझ?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. पाहुण्यांचे फोन त्याच्यावरच रोखलेले. "राणी," तो पुटपुटला.

"मोठ्यानं बोल की रं. म्हातारीला ऐकू येत न्हाय."

"राणी! राणीला आण!"

लेओनीनं दावं सोडलं. मार्किझ सावकाश निघाली तशा चाळीस गायी आपोआप बाजूला सरल्या. पेर्लनं तर मानच खाली घातली. ओनेझीमनं घाईघाईनं तिच्या डोक्यावरचा मुकुट काढून मार्किझपुढं धरला. शहरातून आणलेली प्लास्टिकची फुलं ती! मार्किझनं हुंगलं, फुर्र केलं अन् तोंड फिरवलं.

"ऱ्हाऊ दे," लेओनी म्हणाली. "तूच घाल. तीन बसा भरून लोक आल्यात, फोटु तर निघाय पायजेल."

अन् ती गायीमागून पूल उतरून गेली.